मदत हवी आहे: घरी चढवलेल्या मागच्या टायरची कड एका ठिकाणी रिमवर नीट बसत नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ आहे. तिचा मागचा टायर (१२०/९०-१७, ट्यूबचा, स्पोकच्या रिमवरचा) मी नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलतो आहे. बाकी सगळे काम झाले असून अगदी शेवटच्या टप्प्यावर गाडी अडली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

‘दुकानात का देत नाही?’ असे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. पेठ, सुरगाणा आणि हर्षेवाडीच्या बाजूला आमचे नेहमी जाणे असते. तिकडे आडरस्त्याला चाक बसले, तर पंक्चरवाला गाठेपर्यंत दिवस मावळतो. तेव्हा हे काम एकदा घरी, सावकाश आणि सगळी हत्यारे हाताशी ठेवून शिकून घ्यावे, असे ठरवले. शिवाय सातपूरला सिएटचा एवढा मोठा कारखाना असलेल्या शहरात राहून आपल्याला साधा टायर चढवता येऊ नये, हे मनाला थोडे लागतेच.

आतापर्यंत केलेले काम असे आहे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक काढले आणि ब्रेकची डिस्क जमिनीला टेकू नये म्हणून ते दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवले. जुना टायर काढल्यावर स्पोकच्या निपलांवरची रबरी पट्टी तपासली. ती चांगली आहे. नव्या टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच आहे, पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणला आहे आणि ट्यूबही नवीन आहे. ट्यूबला टाल्कम पावडर लावून, आकार येण्यापुरती हवा भरून ती आत बसवली. टायरची दुसरी कड चढवताना समोरची बाजू गुडघ्यांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली आणि शेवटची वीतभर कड तीन लिव्हरांनी, व्हॉल्व्हपाशी, आत घेतली. हे सगळे अपेक्षेपेक्षा सोपे गेले.

अडचण आता सांगतो. टायरच्या कडेला, रिमच्या काठाजवळ, सगळीकडून फिरणारी एक बारीक उंच रेघ असते आणि ती रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, हे आपण जाणताच. माझ्या टायरला ती डिस्कच्या बाजूने व्यवस्थित दिसते. चेनच्या बाजूने मात्र व्हॉल्व्हच्या उजवीकडे साधारण चार बोटे लांबीच्या भागात ती रिमच्या काठाखाली गेली आहे, म्हणजे तेवढ्या जागी कड वर सरकलेलीच नाही. पायपंपाने ३० पीएसआयपर्यंत हवा भरली, पूर्ण सोडली, साबणाचे पाणी लावून पुन्हा भरली, तरी तोच भाग हटून बसला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. कड बसवण्यासाठी हवेचा दाब किती वाढवणे सुरक्षित आहे? रबरी हातोडीने ठोकण्याचा काही उपयोग होतो का? सध्या पहाटे चांगलीच थंडी असते आणि मी काम सकाळी लवकर केले, त्याचा संबंध असू शकतो का? असेच चाक लावून हळूहळू दुकानापर्यंत गेले तर चालेल का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: अजिबात चालवू नका. अर्धवट बसलेल्या टायरमुळे चाक दर फेऱ्याला उसळते आणि ट्यूबही आत एका जागी घासत राहते.

जागा व्हॉल्व्हच्या जवळची आहे, त्यामुळे पहिला संशय ट्यूबवर घ्यायला हवा. व्हॉल्व्हपाशी ट्यूब जाड असते आणि ती कडेखाली अडकली, तर कितीही हवा भरली तरी कड वर येणार नाही. उलट ट्यूब कापली जाईल. सगळी हवा सोडा, व्हॉल्व्हचा नट टोकापर्यंत सैल करा आणि व्हॉल्व्ह बोटाने आत ढकलून पाहा. तो सहज आतबाहेर होत असेल, तर ट्यूब मोकळी आहे. तो हलत नसेल, तर तेवढ्या भागातली कड पुन्हा बाहेर काढण्याशिवाय इलाज नाही.

ट्यूब मोकळी असेल, तर दोष कोरड्या आणि थंड रबराचा समजा. चाक दुपारच्या उन्हात तासभर तापू द्या. साबणाचे पाणी पातळ नको, चांगले दाट करा आणि अडलेल्या भागाच्या दोन्ही अंगांना भरपूर लावा. तेल, ग्रीस किंवा पेट्रोल चुकूनही वापरू नका. ते रबर खराब करतात. नंतर व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसरने हवा भरा. पिन नसली की हवा एकदम आत शिरते आणि पायपंपाच्या संथ हवेने जे होत नाही, ते तिच्या धक्क्याने होते. कॉम्प्रेसर नसेल, तर शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पायांपाशी चाक ठेवून पेट्रोल पंप गाठा.

दाबाबद्दल: मोटारसायकलच्या टायरची कड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नये, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. तेवढ्यात बसली नाही, तर दाब वाढवायचा नसतो. हवा सोडून पुन्हा साबण लावायचा असतो. हवा भरताना बोटे रिमच्या काठापासून लांब ठेवा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. रबरी हातोडीने किंवा हवा कमी ठेवून चाक जमिनीवर आपटल्याने थोडी मदत होते, पण पूर्ण दाब असताना ठोकाठोकी करू नये.

कड बसल्यावर एक काम बहुतेक जण टाळतात, ते मात्र जरूर करा: सगळी हवा पुन्हा एकदा सोडून नव्याने भरा, म्हणजे ट्यूबला पडलेल्या घड्या सुटतात. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळून ठेवू नका, तो वर टोपीशी नेऊन ठेवा. टायर रिमवर थोडा सरकला, तर व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो; आवळलेल्या नटामुळे मात्र तो मुळापासून फाटतो. आम्ही बजाज चेतकच्या दोन भागांच्या रिमवर शिकलो. तिथे लिव्हर लागतच नसे, फक्त रिमचे नट सोडण्याआधी हवा सोडण्याची शिस्त पाळावी लागे. स्पोकच्या रिमला मात्र धीरच हवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. व्हॉल्व्ह सहज आत जात होता, त्यामुळे चाक दुपारी गच्चीवर उन्हात ठेवले, साबण दाट लावला आणि पिन काढून पंपावरच्या हवेने भरले. साधारण ३५ पीएसआयच्या सुमारास ‘टप्प’ असा आवाज आला आणि रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसू लागली. हवा सोडून पुन्हा भरली असून दाब आता मॅन्युअलप्रमाणे ठेवला आहे.

एक शंका उरली आहे. एक्सल दोन स्टुलांवर टेकवून चाक मोकळे फिरवले, तर दर वेळी त्याचा एकच भाग खाली येऊन थांबतो, म्हणजे तो भाग जड आहे. स्पोकवर बसणारी बॅलन्सिंगची वजने नाशिकमध्ये कोणत्या भागात मिळतात, की रिमवर चिकटवायची वजने वापरली तरी चालतील?