जिम्नीला एटी (डांबरी अन् कच्चा, दोन्ही रस्त्यांचे) टायर घ्यावे का? रोजची धाव नागपुरात, पावसाळ्यात काटोलकडची काळी माती

धागाकर्ता : बागवाला_काटोल

राम राम मंडळी. टायर बदलायचे आहेत अन् दुकानागणिक वेगळा सल्ला मिळून राहिला आहे, म्हणून विचारतो.

गाडी मारुती जिम्नी, मॅन्युअल. कंपनीकडून आलेले ब्रिजस्टोन ड्युएलर एचटी, म्हणजे पक्क्या रस्त्याचे, माप १९५/८० आर१५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). खाचांमधल्या खुणेपर्यंत घासलेत, या पावसाळ्यात त्यांच्यावर भरवसा नाही. रोजचं जाणं-येणं मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी, म्हणजे सगळा सिमेंट रस्ता. अधूनमधून घरच्यांना घेऊन समृद्धीवरून शिर्डी. चिखलात गाडी घालायचा शौक अजिबात नाही. पण काटोलच्या पुढे आमची संत्र्याची बाग आहे, अन् डांबरी सोडल्यावर शेवटची पांदण निव्वळ काळ्या मातीची.

मागच्या आषाढात तिथे फोर-एल (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाकून चारही चाकं फिरत होती, गाडी मात्र तिरपी होत धुऱ्याकडे सरकत होती. उतरून पाहिलं तर टायरच्या खाचा दिसेचनात, सगळ्या मातीनं लिंपलेल्या. मडगार्डच्या आत माती अशी ठासली होती की स्टिअरिंग पुरतं वळेना. खुरप्यानं खरडून काढली, मग शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढलं.

आता एक दुकानदार म्हणतो एमटी (चिखलाचे टायर) घ्या, गाडी रुबाबदार दिसते. दुसरा म्हणतो २१५/७५ आर१५ मध्ये एटी घ्या. तिसरा २३५/७५ गळ्यात मारायला बसला आहे, म्हणे गाडी न उचलता बसते. मायलेज, आवाज अन् मे महिन्यातला आपला ४५ अंशांचा पारा धरून तुम्ही काय घेतलं असतं? बाबांना मागच्या सीटवर घोंघाट चालत नाही, हेही लक्षात घ्या.

बोलेरो_ते_जिम्नी

भाऊ, २१५/७५ घ्या. हे बोलेरोचं माप आहे, त्यामुळे टायर फाटला तर काटोल-नरखेडातही दुकानात पडलेला सापडेल. १९५/८० साठी नागपूर गाठावं लागेल. वर मूळ रिमवरच बसतो.

व्यासाचा हिशेब सांगतो. तुमचा आत्ताचा टायर ६९३ मिलिमीटर, २१५/७५ येतो साधारण ७०३ वर. फरक दीड टक्का, स्पीडोमीटरला कळणारही नाही. २३५/७५ मात्र ७३३ च्या पुढे जातो, म्हणजे पावणेसहा टक्के. काटा १०० वर असताना गाडी आधीपेक्षा तेवढी जास्त पळत असणार, पहिल्या गिअरची ओढ कमी होणार, अन् पूर्ण वळणावर घासण्याची भीती वेगळीच. दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाला हा भार कशाला?

टायरवरचा लोड इंडेक्स बघून घ्या. ९६ म्हणजे चाकामागे ७१० किलो, १०० म्हणजे ८००. मूळच्या खाली जायचं नाही, एवढंच. योकोहामाचा जिओलँडर एटी जी०१५ आणि अपोलोचा ॲप्टेरा एटी२, दोन्हींचे भाव काढा. आवाज एचटीपेक्षा थोडा वाढेल. आपल्या सिमेंट रस्त्यांवर तसाही घों-घों असतोच, बाबांना आठवडाभरात सवय होईल.

पांदण_पीडित

२१५ च्या मापाला माझी हरकत नाही. पण एटी टाकल्यानं आषाढातली पांदण पार होईल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, बाप्पा. काळी माती पाणी पिऊन फुगते अन् चिकटते. एटीच्या खाचा अरुंद, त्या दहा-वीस फुटांत भरतात. मग तुमच्या एचटीत अन् त्यात फरक उरत नाही. एमटीचे गुटके (रबराचे उंचवटे) एकमेकांपासून दूर असतात, चाक जोरात फिरलं की माती बाहेर फेकली जाते, म्हणून तो निघतो. तोही दरवेळी निघतोच असं नाही.

आता तोच एमटी रोज हिंगण्याला न्या. सिमेंटवर टेकणारं रबर कमी, ओल्या रस्त्यावर ब्रेकला गाडी लांब जाते, झीज लवकर, अन् समृद्धीवर बाबा शिर्डीच्या आधीच उतरतील. वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी बाकीचं वर्ष का बिघडवायचं? एटीचा खरा फायदा मुरूम, खडी, ओलं गवत आणि धुऱ्यावरचे बाभळीचे काटे इथे आहे. झडी लागली की गाडी डांबरीवर ठेवा अन् चालत जा. दोन दिवस कडक ऊन पडलं की त्याच पांदणीवरून दुचाकी जाते.

वर्धा_रोड_ताई

कोणीच स्टेपनीबद्दल बोललं नाही! दादा, माप बदलणार असाल तर पाच टायरचे पैसे धरा. जिम्नीत फोर-व्हील टाकली की पुढचा अन् मागचा शाफ्ट एकत्र जोडला जातो, मधे डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नसतो. तीन चाकं एका व्यासाची अन् एक दुसऱ्या, असं घेऊन फोर-एच (चारही चाकांची ताकद, नेहमीचा वेग) चालवली तर ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. टू-एचमध्ये (फक्त दोन चाकांची ताकद) पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू जायला जुनी स्टेपनी चालते, चिखलात नाही. पाच असले की पाचही फिरवत राहा, सारखे झिजतात.

घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३२५ असेल तर २०२५ मधला तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला माल नव्याच्या भावात घेऊ नका. अन् समृद्धीवर निघण्याआधी हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी चार-पाच पीएसआय वाढलेली दिसली म्हणून काढायची नाही. उन्हात टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेनं, कारण मग साइडवॉल जास्त वाकते अन् तापते.

बागवाला_काटोल

ताई, स्टेपनीचं एकाही दुकानदारानं सांगितलं नव्हतं. ठरलं मग, २१५/७५ एटी, पाच नग, मृगाच्या आधी. एमटीचा नाद सोडला. फक्त एक राहिलं, पांदणीत हवा कमी करून फायदा होतो का? अन् परत भरायला गाडीतल्या सॉकेटवरचा छोटा कंप्रेसर पुरेल का?

पांदण_पीडित

१८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाक कमी रुतेल. खाचा भरायच्या तेव्हा भरतीलच. तेवढ्या हवेवर वेग वाढवू नका अन् डांबरीला लागताच भरा. सॉकेटवरच्या कंप्रेसरला चार टायर भरताना दम लागतो, कधी फ्यूजही जातो. बॅटरीला क्लिप लावून चालणारा घ्या, अन् भरताना इंजिन चालू ठेवा.