हाडाला जोडलेल्या कृत्रिम पायासाठी सरकारी साहाय्य मिळेल का?

कळवेकर: लोकल अपघातात माझ्या धाकट्या भावाचा पाय मांडीतून कापावा लागला. उरलेला भाग आखूड असल्यामुळे सॉकेट (कृत्रिम पायाचा, उरलेल्या मांडीवर चढवायचा पोकळ भाग) घासून वारंवार जखमा होतात. हाडात टायटॅनियमचा दांडा बसवून त्यालाच पाय जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी निधी मिळतो का?

ऐरोलीकर: केंद्राची एडिप योजना दिव्यांगांना मुख्यतः साहाय्यक साधने पुरवते आणि तिच्या नेहमीच्या साहाय्यात या शस्त्रक्रियेचा खर्च भागणे शक्य नाही. मात्र हीच योजना कर्णबधिर मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण) लाखो रुपये देते. मग सॉकेट सहनच न होणाऱ्यांचा विचार का होऊ नये, हा प्रश्न आपण लेखी निवेदनात अवश्य मांडावा. त्याआधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढून घ्यावे.

वाशीची फिजिओथेरपिस्ट: स्वीडनमध्ये ही पद्धत 1990 पासून मांडीसाठी वापरली जात असली, तरी अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी संस्था) या पद्धतीच्या ओप्रा नावाच्या स्वीडिश प्रणालीला पूर्ण मान्यता डिसेंबर 2020 मध्ये दिली. दांडा त्वचेतून बाहेर येतो, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका कायम राहतो; म्हणून निधी मागताना पुढील तपासण्यांचा आणि सुटे भाग बदलण्याचा खर्चही मागावा. तोवर हाजीअलीच्या केंद्रीय पुनर्वसन संस्थेत सॉकेट तपासून घ्यावे.

कळवेकर: मनःपूर्वक आभार. निवेदनात कॉक्लिअर इम्प्लांटचा दाखला देतो.