मदत हवी आहे: मोतीला कोणतं खाणं सुरू करू?

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो. आमचा मोती देशी कुत्रा, ४ वर्षांचा, वजन १८ किलो. महिनाभर सारखे पंजे चाटतोय, पोटाखालची कातडी लालभडक झालीये. रात्री त्याच्या खाजवण्याचा आवाज ऐकवत नाही हो.

आजवर सुटं कोरडं खाणं आणायचो. त्यात नेमकं काय असतं, देव जाणे! आता बंद पाकीटच घेणार.

डॉक्टर म्हणाले, चिकन बंद करून ८ आठवडे एकच नवं प्रथिन देऊन बघा. मासे द्यावेत की मटण? घरी शिजवून देणारे कॅल्शियमचं कसं जमवतात? कांदा-लसूण घालणार नाहीच. कोथरूड-कर्वेनगरात ताज्या तारखेचं पाकीट कुठे मिळेल, तेही कृपया सांगा.