पोलिसांचे आभार नेमके कसे मानावेत? शाल-नारळ सोडून काही सुचवा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. प्रश्न लहान आहे, पण आधी काय घडलं ते सांगते.

माझ्या आईचं वय ७८. दोन वर्षांपासून विसरायला होतं. आषाढात एका रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली, तर पुढचं दार सताड उघडं आणि अंथरूण रिकामं. बाहेर धो धो पाऊस. मिस्टर आणि मुलगा बॅटऱ्या घेऊन दोन दिशांना गेले, मी ११२ ला फोन लावला. थोड्याच वेळात गाडी आली. त्यात आमच्या भागाचे बीट हवालदार होते आणि एक महिला शिपाई.

हवालदारांनी मला फोटो मागितला, साडीचा रंग विचारला. मग म्हणाले, "ताई, आईंचं माहेर कुठलं?" मला त्या वेळी कळेना की हे कशाला विचारतायत. मी गाव सांगितलं. ते म्हणाले, अशी माणसं बहुतेक वेळा जुन्या घराकडे निघतात. तिथूनच त्यांनी ठाण्यात फोन केला. ठाणे अंमलदारांनी त्या रस्त्यावरच्या एकेका गावच्या पोलीस पाटलांना उठवलं. रात्रीचे दोन वाजून गेले होते. चौथ्या गावचे पाटील म्हणाले, फाट्यावर मघापासून कुत्री भुंकतायत, बघून येतो.

आई फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये बसली होती. घरापासून साडेतीन किलोमीटर. पाय चिखलाने भरलेले, एका पायात चप्पल, मांडीवर पिशवी आणि पिशवीत माझ्या मुलाची शाळेची जुनी वही. तिला माहेरची गाडी पकडायची होती. आम्ही पोचलो तेव्हा मी "आई, चल घरी" म्हणून तिचा हात ओढायला लागले आणि ती घाबरून आक्रसली. हवालदारांनी मला हलकेच बाजूला केलं, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आज्जी, गाडी आज उशिरा हाय. तवर घरी च्या घ्यूया का?" आई लगेच उठली. महिला शिपायांनी स्वतःच्या नॅपकिनने तिचे पाय पुसले, स्वतःचा रेनकोट तिच्या अंगावर घातला आणि गाडीत तिला कुशीत धरून बसल्या. त्यांची दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंदोबस्ताची ड्यूटी होती, हे मला नंतर समजलं.

आता प्रश्न. आमच्या कॉलनीच्या मंडळाने ठरवलंय की गणपतीत पोलिसांचा सत्कार करायचा. कार्यक्रमपत्रिका अशी: मोठ्या साहेबांना शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मला साहेबांबद्दल काही म्हणायचं नाही, भले माणूस आहेत. पण त्या रात्री शेडमध्ये जे उकिडवे बसले होते, ते सत्काराच्या दिवशी मांडवाच्या दारात गर्दी आवरत उभे असणार. ज्यांनी फोन फिरवले, ते ठाण्यात खुर्चीवरच असणार. पोलीस पाटलांचं नाव तर कुणाच्या तोंडी येणारसुद्धा नाही. हे मला पटत नाहीये. जे त्या माणसांच्या खरोखर उपयोगी पडेल, असं काय करता येईल?

जुनी_खाकी

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी ३४ वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, त्यातली निम्मी बीटवर गेली. तेव्हा या बाबतीत थोडं बोलायचा हक्क आहे असं मानतो.

पहिली गोष्ट, पत्र लिहा. साध्या कागदावर, पोलीस अधीक्षकांच्या नावाने. प्रत ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना. अधीक्षक कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पत्रात "पोलिसांनी मोलाचं सहकार्य केलं" असलं वाक्य एकही नको. त्या वाक्याचा कुणाला काडीचा उपयोग होत नाही, कारण ते कुणालाही लागू पडतं. तारीख, वेळ, जागा लिहा. नाव आणि बक्कल नंबर, म्हणजे प्रत्येक पोलिसाचा ओळख क्रमांक, लिहा, एकाच नावाची चार माणसं जिल्ह्यात असतात. आणि त्यांनी नेमकं काय केलं ते, तुम्ही इथे लिहिलंय तसंच लिहा. माहेर विचारलं हे लिहा. पोलीस पाटलांना उठवलं हे लिहा. ते तपासाचं डोकं आहे, वरच्या अधिकाऱ्याला ते बरोबर कळतं.

याचं कारण सांगतो. शिपायाची कसूर झाली की कागद तयार होतो. रोल कॉलला दहा मिनिटं उशीर झाला तरी होतो. चांगल्या कामाचा कागद मात्र कुणीतरी मुद्दाम केला तरच होतो. चोर पकडला, मुद्देमाल मिळाला, तर साहेब बक्षिसाचा प्रस्ताव पाठवतात, कारण तिथे गुन्हा नंबर असतो, आकडा असतो. वाट चुकलेली म्हातारी सुखरूप घरी आणली, याला गुन्हा नंबर नसतो. डायरीत दोन ओळींची नोंद होते आणि पान उलटतं. तुमचं पत्र आलं, तर अधीक्षकांना त्यावर बक्षीस किंवा प्रशस्तिपत्र देता येतं आणि त्याची नोंद सेवापुस्तकात जाते. पुढे पोलीस महासंचालकांच्या सन्मानचिन्हासाठी नावं निघतात, तेव्हा हेच सेवापुस्तक उघडतात. राज्यात पोलीस दोन लाखांच्या घरात आणि अलीकडे ही सन्मानचिन्हं वर्षाला ८०० च्या आसपास, महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला जाहीर होतात. त्यात तुमच्या हवालदारांचा नंबर लागेल असं मी म्हणत नाही. पण कागदच नसेल तर विचारसुद्धा होत नाही.

मला उभ्या नोकरीत चोरी-घरफोडीच्या तपासाची बक्षिसं बरीच मिळाली. पहिलं पन्नास रुपयांचं होतं. पण नागरिकाने स्वतःहून लिहिलेलं पत्र एकच. १९९४ साली एका सायकल दुकानदाराने निळ्या अंतर्देशीय पत्रावर साहेबांना लिहिलं होतं. त्याच्या मुलाला परीक्षेच्या सकाळी एसटी चुकली म्हणून मी मोटारसायकलवरून केंद्रावर सोडला होता. मी ते विसरूनही गेलो होतो. साहेबांनी परेडला सगळ्यांसमोर ते पत्र वाचलं. त्याची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे, पन्नास रुपये केव्हाच खर्च झाले.

दुसरं, पोलीस पाटील. ते पोलीस खात्याचे नोकर नाहीत. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्यांची नेमणूक होते, मानधनावर. नेमणूक प्रांताधिकाऱ्यांकडून होते, म्हणून पत्राची एक प्रत प्रांत कार्यालयात द्याच. रात्री दोनला फोन उचलून भर पावसात फाट्यावर जाणारा पाटील सोपा मिळत नाही.

तिसरं, भेटवस्तूचं. वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. सरकारी नोकराला भेटी घेण्यावर बंधन आहे आणि स्वतःच्या जाहीर सत्काराला आधी परवानगी लागते. पाकीट, घड्याळ, मिक्सर असलं काही मंडळाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. त्यात अडचण पोलिसाचीच होते. फूल आणि पत्र, बास.

लाइनीतली वहिनी

माझे मिस्टर हवालदार आहेत, २१ वर्षं नोकरी. काकांनी पत्राचं सांगितलं ते सोळा आणे खरं. मी सत्काराबद्दल सांगते.

एका वर्षी आमच्या ह्यांचा आणि अजून नऊ जणांचा एका मंडळाने सत्कार ठेवला होता. हे रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आले. कार्यक्रम दहाला. अंघोळ करून इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गेले. पाहुणे आले साडेअकराला. भाषणं दीडपर्यंत चालली. या दहा जणांना एका रांगेत उभं करून, फोटोग्राफरला घाई होती म्हणून, सगळ्यांना मिळून एकदाच टाळ्या. नावंसुद्धा घेतली नाहीत. हे घरी येऊन शाल खुर्चीवर टाकून झोपले ते संध्याकाळी पुन्हा ड्यूटीला उठले. त्या दिवशी आमच्या धाकटीची शाळेत नाटकाची स्पर्धा होती, ती राहिली. कुणी मुद्दाम केलं नाही, सगळे चांगल्याच मनाने आले होते. पण एकाने तरी आधी फोन करून "तुमची ड्यूटी कधी सुटते" असं विचारायला हवं होतं ना.

तर ताई, करायचंच असेल तर गणपतीत करू नका. त्या दहा दिवसांत आमच्या घरात साप्ताहिक सुट्टी नसते, रजा नसते, विसर्जनाला तर २४-२४ तास माणूस घरी येत नाही. दसऱ्यानंतर करा. आणि शक्य असेल तर पोलीस लाइनीत या. चटया टाकू, चहा आम्ही करू. बायकामुलांसमोर तुम्ही त्या रात्रीची गोष्ट सांगा. माझ्या मुलांना बापाच्या कामातलं फक्त एवढंच माहीत आहे की बाबा घरी नसतात. तो बाहेर जाऊन काय करतो हे कुणी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यापासून सुरू झाला, तेव्हा आम्ही लाइनीतल्या बायकांनी ती बातमी एकमेकींना वाचून दाखवली होती. आमच्यासाठी तो सुद्धा सन्मानच.

वैनगंगा

मी गडचिरोलीत आश्रमशाळेवर आहे. तुमच्या हवालदारांचं "गाडी उशिरा हाय" वाचून थांबले. आमच्याकडे पोलिसांनी दुर्गम भागातल्या मदत केंद्रांवर "दादालोरा खिडकी" सुरू केली. दादालोरा हा इकडच्या आदिवासी बोलीतला शब्द, दादाची म्हणजे भावाची खिडकी. जातीचा दाखला, आधार कार्ड, सरकारी योजनांचे अर्ज, ज्याच्यासाठी माणसाला दिवसभर चालून तालुक्याला जावं लागायचं, ती कामं तिथे होतात. या जिल्ह्यातल्या पोलिसाचं नाव बाहेर निघतं ते चकमकीच्या बातमीत. खिडकीच्या आत बसून म्हाताऱ्या बाईचा अंगठा मशीनवर तीन-तीनदा पुसून लावून घेणारा शिपाई पेपरात येत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, दाखला मिळाला की घरी जायच्या आधी त्या शिपायाला तुझं नाव आणि कितवीत आहेस ते सांगून ये. एवढंच.

भिवंडीकर

थोडी भर घालतो. आमच्या शहरात १९८४ ला मोठी दंगल झाली. नंतर १९८८ पासून सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि बीटचे पोलीस नियमित एकत्र बसायचे, नळाच्या भांडणापासून सगळं तिथे बोललं जायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. माझे वडील एका समितीत होते. ते सांगायचे, त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी जो शिपाई उभा होता त्याला दोन्हीकडची पोरं नावाने ओळखत होती. ताई, तुम्हाला त्या हवालदारांची नावं माहीत आहेत ना? नसतील तर तिथून सुरुवात करा. आम्ही "साहेब" म्हणतो आणि नाव कधी विचारत नाही.

कृष्णाकाठची

भिवंडीकर, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. मला फक्त हवालदारांचं आडनाव माहीत होतं. काल शाळा सुटल्यावर ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार त्या रात्रीचेच होते. मी नाव आणि बक्कल नंबर मागितल्यावर त्यांचा चेहरा एकदम उतरला. "काय तक्रार आहे का मॅडम?" असं विचारलं. मी म्हटलं, नाही हो, आभाराचं पत्र द्यायचंय. तरी त्यांनी दोघांचे नंबर कागदावर लिहून दिले ते जरा चाचरतच. स्वतःचा दिलाच नाही. म्हणाले, "मी काय, फोनच केले." तो मी त्यांच्या छातीवरच्या पट्टीवरून वाचून उतरवून घेतला.

मंडळात बोलले. गणपतीतला सत्कार रद्द, दिवाळीनंतर लाइनीत जायचं ठरलंय. वहिनी, चहा तुमच्यासारख्यांनी करायचा नाही, तो आम्ही घेऊन येऊ. मुलांना शाळेतर्फे २ जानेवारीच्या पोलीस स्थापना सप्ताहात ठाण्यात नेतोच आम्ही, दर वर्षी बंदुका बघून येतात. १९६१ साली त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते पोलीस दलाला ध्वज मिळाला, एवढं मी त्यांना सांगते. यंदा ठाणे अंमलदारांच्या टेबलापाशी अर्धा तास बसवणार आहे. फोन आला की काय काय करतात ते पोरांनी बघू दे.

काका, अजून एक. तुकाराम ओंबळे आपल्याच जिल्ह्यातले, केडंब्याचे. तेही सहायक फौजदारच होते. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. वर्गात त्यांच्याबद्दल सांगताना मुलं हमखास विचारतात, २६/११ च्या आधी ते काय करायचे? मला आजवर धड उत्तर देता आलं नव्हतं. आता त्या शेडमधलं सांगीन, की बहुतेक दिवस हे असं काम असतं.

पत्राचा कच्चा मसुदा केलाय. सुरुवात अशी आहे: "माझी आई रात्री घरातून निघून गेली होती. ती सुखरूप परत आली ती चार माणसांमुळे. त्यांची नावं आणि प्रत्येकाने काय केलं ते खाली लिहिते." चाललं ना?

जुनी_खाकी

चाललं. फक्त रेनकोटाचं विसरू नका, महिला शिपायांच्या नावापुढे तो आलाच पाहिजे. आणि पत्र अधीक्षक कार्यालयात सोमवारी देऊ नका, त्या दिवशी गर्दी असते. बुधवारी सकाळी अकराला जा. आवक शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.