पावडर कोटिंग काढण्यासाठी लेसर यंत्र : लहान कारखान्याने घ्यावे का?

पावडरकोटवाला, जळगाव

नमस्कार मंडळी. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझे पावडर कोटिंगचे, म्हणजे धातूवर कोरडी रंगपूड बसवून ती भट्टीत भाजण्याचे, जॉबवर्क चालते. पॅनेलचे दरवाजे, पंपांच्या बॉडी आणि शेती अवजारांचे सुटे भाग अशी कामे येतात. ज्या मालाचे कोटिंग बिघडते तो आम्ही कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत सोलतो. परंतु ॲल्युमिनिअमचा माल त्यात टाकता येत नाही, कारण कॉस्टिक रंगाबरोबर धातूही खाते, आणि तळाचा गाळ घातक कचरा म्हणून रीतसर विल्हेवाटीस द्यावा लागतो, तो खर्च वेगळाच.

एका विक्रेत्याने वेल्डिंग, कटिंग आणि क्लीनिंग अशी तिन्ही कामे करणारे १५०० वॅटचे हातातले लेसर यंत्र दाखवले. गंजलेला जाड अँगल त्याने बघता बघता साफ केला. मात्र आमचा १.२ मिलिमीटर पत्र्याचा दरवाजा पुढे ठेवला, तेव्हा रंग जळून काळा झाला, पत्र्यावर सोनेरी-निळसर झाक उमटली आणि मधोमध बाक आला. हा केवळ सेटिंगचा प्रश्न आहे, असे विक्रेता म्हणतो. ते कितपत खरे आहे? आणि कोटिंगच्या लाइनवर माल टांगायचे हूक व जिगसुद्धा याच यंत्राने साफ होतील का?

अवधान वर्कशॉप, धुळे

भाऊ, प्रश्न सेटिंगचा नसून यंत्राच्या जातीचा आहे. आपण पाहिलेले यंत्र सलग किरण सोडणारे आहे. झोत कितीही वेगाने हलवला तरी उष्णता पत्र्यात मुरते, आणि पातळ पत्रा ती सहन करत नाही. रंग काढण्यासाठी पल्स लेसर, म्हणजे तुटक स्पंदांत किरण सोडणारा लेसर, लागतो. २०० वॅटचे पल्स यंत्र सेकंदाला ४०,००० स्पंद सोडत असेल, तर प्रत्येक स्पंदात अवघी ५ मिलिज्यूल ऊर्जा असते. पण ती सुमारे १०० नॅनोसेकंदांत ओतली जात असल्यामुळे त्या क्षणाची शक्ती ५० किलोवॅटपर्यंत जाते. रंगाचा वरचा थर उडून जातो आणि खालच्या धातूला तापायला सवडच मिळत नाही. अर्थात वॅटमागे अशा यंत्राची किंमत कितीतरी जास्त असते, म्हणूनच विक्रेते सलग किरणाचे यंत्र आधी पुढे करतात.

हूक आणि जिग यांचा विचार सोडून द्यावा. नेहमीचे कोटिंग ६० ते ८० मायक्रॉनचे असते, तर हुकावर फेरीमागून फेरी चढत थर मिलिमीटरमध्ये जातो. लेसर तो काढील, पण दिवस घालवील. त्यासाठी कोटिंग जाळण्याची भट्टीच योग्य. शिवाय किरण जिथे थेट पोहोचतो तिथेच काम होते. पंपाच्या बॉडीतील आतले आटे आणि आंधळी (आरपार नसलेली) भोके तशीच राहतात.

रसायनशास्त्राचा शिक्षक, भुसावळ

वरील विवेचनात एक भर घालतो. आर्थर शॉलो या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये ‘लेसर खोडरबर’ मांडला होता : टंकलेखनाची काळी शाई किरण शोषून घेते व उडून जाते, आणि पांढरा कागद किरण परतवतो म्हणून शाबूत राहतो. रंग आणि धातू यांच्यातही असाच फरक साधायचा असतो. त्यामुळे कोटिंगचा रंग, जाडी आणि खालचा धातू बदलला की किरणाची मात्राही नव्याने बसवावी लागते.

आता धोक्याविषयी. अशा यंत्रातल्या फायबर लेसरचा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण डोळ्यांना दिसत नाही, आणि चकचकीत ॲल्युमिनिअमवरून परावर्तित झालेला किरणही दृष्टिपटल जाळू शकतो. वेल्डिंगच्या काळ्या काचेवर विसंबू नये. याच तरंगलांबीचा उल्लेख कोरलेला चष्मा यंत्र चालवणाऱ्याने तर घालावाच, पण त्या खोलीत असलेल्या प्रत्येकाने घालावा, आणि कामाभोवती पूर्ण आडोसा असावा. रंग उडाला म्हणजे नाहीसा झाला असे नव्हे, तो धूर आणि बारीक धूळ होऊन हवेत येतो. जुन्या यंत्रांच्या पिवळ्या रंगात शिसे व क्रोमियम असू शकते. आपल्या जळगावात पीव्हीसी पाइपांचे कारखाने बरेच आहेत, तेव्हा उद्या कोणी पाइपाचा साचा (डाय) साफ करायला आणून देईलच. परंतु पीव्हीसीचे जळके अवशेष तापले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि ती फुप्फुसांबरोबर यंत्राची लोखंडी अंगेही खाते. टेफ्लॉनच्या थरावर तर लेसर मारूच नये. धूर ओढणारे यंत्र हेपा (अतिबारीक धूळ अडवणारी) आणि सक्रिय कोळसा (वायू शोषणारी) अशा दोन्ही गाळण्यांचे हवे. शिसे किंवा क्रोमियम असलेला गाळणीतला चुराही २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो, म्हणजे आपला कचरा कमी होईल, संपणार नाही.

पावडरकोटवाला, जळगाव

सर, भाऊ, आभारी आहे. लेसरने सोललेल्या जागेवर नवीन कोटिंग धरेल का, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हे यंत्र तग धरेल का, एवढ्या दोन शंका उरल्या आहेत.

अवधान वर्कशॉप, धुळे

शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक धातूच्या गोळ्यांच्या माऱ्याने, पृष्ठभागाला जो खरखरीतपणा येतो तो लेसर फारसा देत नाही; खाली जुना खरखरीतपणा असेल तर तो उघडा पडतो, इतकेच. पॅनेलच्या दरवाजाला फॉस्फेटिंग (रंग धरण्यासाठी फॉस्फेटचा पातळ थर) करून पावडर मारणार असाल तर सहसा अडचण येत नाही, पण बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या जाड रंगाच्या कामाला ब्लास्टिंगच करावे. सोललेल्या भागावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे : पाण्याचा सलग पापुद्रा टिकला तर जागा स्वच्छ आहे, आणि तो फाटून थेंब झाले तर रंगाची काजळी किंवा तेलकटपणा शिल्लक आहे.

उन्हाळ्याचे म्हणाल तर पारा ४४-४५ अंशांवर गेला की चिलर, म्हणजे लेसरला थंड पाणी पुरवणारे यंत्र, दम टाकतो, म्हणून विक्रेत्याकडून किती अंश तापमानापर्यंत पूर्ण शक्तीने चालेल हे लेखी घ्यावे. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. चिलरचे पाणी दवबिंदूपेक्षा थंड ठेवले, तर आतल्या काचांवर दव धरते आणि महागडे भिंग जाते. तेव्हा पाण्याचे तापमान ऋतूनुसार बदलावे. खरेदीपूर्वी आपलाच नाकारलेला दरवाजा आणि एक ॲल्युमिनिअमचा नग पल्स यंत्रावर घड्याळ लावून सोलून घ्या, आणि चौरस फुटाला किती मिनिटे लागली ते टाकीच्या खर्चाशी ताडून पाहा. महिन्याला ॲल्युमिनिअमचे काम थोडेच असेल, तर यंत्र घेण्याऐवजी तेवढे बाहेरून जॉबवर किंवा भाड्याच्या यंत्रावर करून घेतलेले बरे.