मदत हवी आहे : कुर्डुवाडी जंक्शनचा १९५४ पूर्वीचा आराखडा

बार्शी लाइट रेल्वेवरील एका टिपणासाठी कुर्डुवाडी स्थानकाची माहिती जमवत आहे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी (दोन रुळांतील अंतर अडीच फूट असलेली) रेल्वे येथून बार्शीला सुरू झाली, पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली, व १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली, इथपर्यंतचा तपशील हाती आहे. अडते ते स्थानकाच्या आवारात. लातूर-मिरज या अरुंद मार्गाला मुंबई-सोलापूरचा रुंद मार्ग कुठेतरी ओलांडावा लागणारच. तो रुळांच्याच पातळीवर ओलांडला जाई की पुलावरून, आणि एका गाडीतला माल दुसरीत चढवण्याचा फलाट नेमका कोणत्या बाजूस होता?

ठाण्यातील ग्रंथालयांत शोध घेतला. सोलापूरचे जुने गॅझेटियर १८८४ चे, म्हणजे या रेल्वेच्याही आधीचे, त्यामुळे निरुपयोगी. इंटरनेटवरील छायाचित्रे बहुधा इंजिनांचीच असतात (हौशी मंडळींना फलाटाचे काय!). गेज रूपांतरानंतरचे, म्हणजे अरुंद मार्ग रुंद केल्यानंतरचे, नकाशे नकोत. तूर्तास कुर्डुवाडीला जाणे जमणार नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत कुठेही शनिवारी येऊ शकेन.

असा आराखडा किंवा जुने कार्यकारी वेळापत्रक (रेल्वे कर्मचाऱ्यांसाठीचे) मुंबईतील कोणत्या अभिलेखागारात, कोणत्या विभागाच्या कागदपत्रांत मागावे, आणि त्या काळी तेथे नोकरी केलेल्यांचे कुटुंबीय आपल्या परिसरात कोणाच्या परिचयाचे आहेत का?