बैठकीला अध्यक्ष असताना वेगळा सुलभक कशासाठी?

प्रश्न
आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक नियमित होते, विषयपत्रिका वेळेवर मिळते, इतिवृत्तही नीट लिहिले जाते. तरीही दोघे-तिघेच बोलत राहतात, बाकीचे माना डोलावतात आणि खरा विरोध बैठक संपल्यावर दाराबाहेर ऐकू येतो. प्रशिक्षित सुलभक, म्हणजे चर्चा नीट पार पडावी यासाठी ती चालवणारी व्यक्ती, बोलवावा, अशी सूचना आली आहे. अध्यक्ष असताना त्याने नेमके काय साधेल?

प्रतिसाद १
अध्यक्षांना स्वतःचे मत असते आणि ते असायलाच हवे. मात्र मत मांडणाऱ्यानेच कोणी किती बोलावे हेही ठरवले, की सदस्य आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि मग तोंड उघडतात. सुलभकाचा निर्णयात वाटा नसतो. चर्चा कशी चालते, एवढीच त्याची जबाबदारी असते. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात चौघाचौघांच्या गटांना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी उमेदवार निवडायचा होता आणि उमेदवारांची माहिती चौघांत विखरून दिलेली होती. सगळी माहिती एकत्र केली असती तर योग्य उमेदवार सहज ओळखता आला असता, परंतु बहुतेक गट सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलत राहिले. तुमच्या गप्प सदस्यांकडेही अशी एखादी माहिती असू शकते, आणि ती बाहेर काढणे हे माझ्या मते सुलभकाचे सर्वांत मोलाचे काम आहे.

प्रतिसाद २
हे प्रत्यक्षात कसे घडते, ते सांगतो. डेलबेक आणि व्हॅन द व्हेन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक जण आधी काही मिनिटे न बोलता आपले मुद्दे कागदावर लिहितो. मग प्रत्येकाने पाळीपाळीने एकच मुद्दा सांगायचा आणि सुलभकाने तो सांगणाऱ्याच्याच शब्दांत फळ्यावर उतरवायचा. सगळे मुद्दे येईपर्यंत त्यांवर टीका होत नाही, त्यानंतर खुलासे होतात आणि शेवटी प्रत्येक जण स्वतंत्रपणे पसंतीक्रम देतो. ज्येष्ठांचे मत ऐकण्याआधीच कनिष्ठांचे मत कागदावर आलेले असते, ही यातली खरी ताकद. प्रश्न विचारल्यावर पसरणारी शांतता नवखा माणूस लगेच स्वतः बोलून भरून काढतो. मुरलेला सुलभक थांबतो, आणि अनेकदा महत्त्वाचे वाक्य त्यानंतरच येते.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी आवश्यक आहे. निर्णय आधीच झाला असेल तर सुलभक बोलावू नका, कारण मत विचारून ते बाजूला ठेवले की माणसे पुढच्या वेळी मनापासून बोलत नाहीत. काय ठरवायचे बाकी आहे आणि अंतिम निर्णय कोणाचा, हे अध्यक्षांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. नेहमीच्या अहवालवाचनासाठी वेगळ्या माणसाची गरज नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुढील बैठकीत निधीवाटपाचा वादाचा विषय आहे. बाहेरची व्यक्ती मिळाली नाही, तर आमच्यापैकीच कोणी हे काम केले तर चालेल का?

प्रतिसाद २
चालेल, मात्र ज्याच्या विभागाला त्या निधीतून काही मिळणार नाही असा सदस्य निवडा, आणि त्या विषयापुरते त्याने मत देणार नाही असे सर्वांसमोर आधीच सांगावे.